भुलाबाईच्या मैत्रिणी

मुलींची मैत्री लग्नात विरून जाते, हे गृहीत धरूनच जुन्या वऱ्हाडाचा इतिहास लिहिला गेला. बुलढाणा जिल्ह्यातलं वरवट बकाल ज्या भागात आहे, तिथला भुलाबाईचा सण मात्र वेगळी साक्ष देतो. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजीची मातीची जोडी मांडायची आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर, ज्वारी पोटरीत येत असताना, रोज संध्याकाळी मुलींनी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणायची. शेवटी झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायची. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांचा मांडव. एरवी पाणी-सरपणाच्या निमित्तानेच उंबरा ओलांडणाऱ्या मुलींना कामाविना एकत्र येण्याचा हा मान्य हक्क होता, आणि माझ्या मते सणाचा गाभा तोच.

यावर आक्षेप येईल की गाणी तर सासू, नणंद, माहेरच्या ओढीची; ही संसाराची तालीम, मैत्री कसली? आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. सासरचा जाच एकटीने सांगितला तर ती तक्रार ठरते. वीसजणींनी एका तालात म्हटला की तो सगळ्यांचा होतो. बुलढाण्याच्याच ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’त जो संताप उघड मांडला, त्याच्या आसपासचं दुःख या अंगणांत गाण्यातून बोललं जात होतं. शारदा कायद्याने १९२९ मध्ये मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठेवलं, १९७८ मध्ये ते १८ झालं. म्हणजे त्याआधीच्या कितीतरी मुलींच्या वाट्याला मैत्रीची मोजकीच वर्षं येत. तरीही माहेरी आलेली लेक त्याच फेरात पुन्हा उभी राहू शकत होती. तिची जागा तिथे कुणी पुसलेली नसे.