चालती यारी आणि तिचा चालक

ठाण्याच्या वर्तकनगरांत गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती पाडून त्यांच्या जागीं उंच मनोरे उभारण्याचें काम चाललें आहे. लोखंडी सळ्यांचे भारे, पाण्याच्या टाक्या किंवा लिफ्टचीं यंत्रें घेऊन जी लॉरी तेथें येते, तिच्यावर पुष्कळदां चालकाच्या बैठकीमागें एक घडी घातलेली लोखंडी भुजा असते. लॉरी थांबते, भुजा उलगडते, आणि पूर्वीं टोळीनें उचलावयाचें ओझें एकच मनुष्य चारदोन दांडे मागेंपुढें करून उतरवितो. रस्त्यानें जाणारा क्षणभर पाहतो व पुढें चालूं लागतो. सारें यंत्रच करतें, त्यांत चालकाचें काय एवढें, असें त्यास वाटतें. ही समजूत फारशी बरोबर नाहीं, हें या यंत्राचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें.

वजन उचलणें हें मूळचें टोळीचें काम. पहार, कप्पी, दोरखंड आणि अनेकांचे खांदे एवढीच त्याची सामग्री. मुंबईच्या बंदरावर व बाजारपेठांत माथ्यावर ओझें वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनीं या कामगारांची संघटना बांधली आणि १९६९ सालीं महाराष्ट्रांत त्यांच्याकरितां स्वतंत्र कायदा झाला. टोळींत श्रम फार होते, पण एक गोष्ट आपोआप साधत असे. ओझें कलतें आहे, पाय रुततो आहे, दोर सुटतो आहे, हें कोणाच्या ना कोणाच्या अंगाला आधीं कळे; तो ओरडे, आणि मुकादम सर्वांना थांबवी. धोक्याची जाणीव अनेक शरीरांत वांटलेली होती.

बंदरावरील यारीनें हे श्रम कमी केले. जोसेफ ब्रामा यानें १७९५ त दाबाखालील पाण्याच्या बळावर चालणाऱ्या दाबयंत्राचा हक्क नोंदविला. पुढें १८४६ त विल्यम आर्मस्ट्राँग यानें न्यूकॅसलच्या धक्क्यावर शहराच्या नळांतील पाण्याच्या दाबानें यारी चालवून दाखविली. मात्र ती यारी एका जागीं पक्की रोवलेली होती. तिच्याखालची जमीन हें वजन पेलील कीं नाहीं, याचा विचार बांधणाऱ्यानें एकदांच करून ठेवलेला असे. चालविणाऱ्यास तो रोज करावा लागत नसे.

ही यारी लॉरीवर चढली ती स्वीडनमध्यें. हुडिक्सवाल येथील एरिक सुंडिन हा बर्फावरून घसरण्याच्या लांकडी पट्ट्या, म्हणजे स्की, तयार करणारा कारखानदार. लॉरीला पळविणारें इंजिनच तिच्यावरील माल कां उचलणार नाहीं, हा प्रश्न यंत्रविद्येच्या पंडितांऐवजीं अशा माणसास पडावा, ही मौजच! १९४४ त त्यानें कंपनी काढली, व १९४७ त तिची तेलाच्या दाबावर चालणारी पहिली लॉरी-यारी तयार झाली. तिचें तत्त्व साधें आहे. लॉरी उभी असतां इंजिनाची शक्ति गिअरपेटींतून एका पंपाकडे वळवावयाची. पंप तेलाला दाब देतो, तेल नळकांड्यांतील दट्ट्या ढकलतें, आणि भुजा उचलली जाते.

शक्तीचा प्रश्न असा सुटला, परंतु जमिनीचा प्रश्न नव्यानें उभा राहिला. लॉरी आज एका गल्लींत तर उद्यां दुसऱ्या, आणि प्रत्येक ठिकाणची भूमि निराळी. जी लॉरी दहा टनांचें ओझें दोन मीटरांवर सहज पेलते, तिला दहा मीटरांवर दोन टनसुद्धां भारी पडतात; कारण वजनाला अंतरानें गुणून जो मोड येतो तोच तिला उलथवूं पाहतो, आणि लांबविलेल्या भुजेचें स्वतःचें वजनहि त्यांत मिळतें. हा मोड जमिनीवर पोंचविण्यासाठीं लॉरीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पाय बाहेर काढून टेकवावे लागतात. वर्तकनगरासारख्या जुन्या वस्तींत त्या पायाखालीं काय असेल? कोठें झांकलेलें गटार, कोठें केबलीसाठीं खणून वरवर बुजविलेला चर, कोठें पावसानें मऊ झालेला भराव. अनुभवी चालक पायाखालीं जाड फळ्या घालतो, ओझें आधीं वीतभरच उचलून थांबतो, आणि पाय खचतो का तें पाहतो. तें वीतभराचें थांबणें हीच त्याची खरी विद्या होय. घाई करणारा कंत्राटदार त्याला आळस समजतो.

३१ जुलै १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२३ सालच्या ३१ जुलैच्या रात्रीं याच ठाणें जिल्ह्यांत, शहापुराजवळ सरळांबे येथें समृद्धि महामार्गाच्या पुलाचें काम चालूं असतां तुळई बसविणारें प्रचंड यंत्र कोसळलें व २० जण मृत्युमुखीं पडले. तें यंत्र लॉरीवरचें नव्हतें. तथापि अधांतरीं धरलेलें वजन सुटलें म्हणजे खालच्या माणसांस पळावयास अवधि मिळत नाहीं, हें दोहोंकडे सारखेंच.

कायद्यानें या धोक्याकडे दुर्लक्ष केलें आहे असें नाहीं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २९ व्या कलमाप्रमाणें वजन उचलणाऱ्या यंत्राची व त्याच्या दोर-साखळ्यांची दर १२ महिन्यांत निदान एकदां जाणत्या माणसाकडून कसून तपासणी व्हावी लागे. बांधकामाच्या मजुरांसाठीं १९९६ त निराळा कायदा झाला. परंतु तपासणी यंत्राची होते. तासाच्या भाड्यानें बोलावलेल्या लॉरीच्या पायाखालची माती कोण तपासणार? वर्षाच्या दाखल्यांत ती येत नाहीं. मुकादमाची नजर, टोळीचे खांदे आणि बंदर बांधणाऱ्याचा हिशेब, हीं तिन्ही कामें त्या एका चालकावर येऊन पडलीं आहेत, आणि त्याचा दर्जा व पगार मात्र बहुधा साध्या लॉरीवाल्याचाच राहिला आहे.

त्याच्याबरोबर एखादा मदतनीस असतो. भुजेच्या आड जें चालकाला दिसत नाहीं, तें तो हाताच्या खुणांनीं सांगतो. मूठ आवळली कीं थांबावयाचें. विजेच्या तारांकडे लक्ष ठेवणें हेंहि त्याचेंच काम. ओझें उतरल्यावर दोघे पाय आंत ओढतात, फळ्या लॉरींत टाकतात, आणि भुजा पुरती मिटली आहे ना हें चालक खालीं उतरून स्वतः पाहतो. कारण उभी राहिलेली भुजा पुढच्या पहिल्याच पुलाला अडकते. मग पंप बंद करून तो लॉरी पोखरण रस्त्याकडे वळवितो.