गनपावडर नदीच्या अलीकडचा सांधा

4 जानेवारी 1987, रविवार. अमेरिकेतले मेरीलँड राज्य.

दुपारी 12.30

वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनातून ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची 94 क्रमांकाची गाडी, 'कलोनियल', बोस्टनकडे निघाली. पुढे विजेची दोन इंजिने, मागे बारा डबे, आत सहाशेच्या आसपास माणसे. नाताळची सुट्टी संपवून कॉलेजांकडे परतणारी मुले त्यांत बरीच. इंजिनापाठोपाठच्या डब्यांत मात्र फारसे कोणी नव्हते. ते पुढच्या स्थानकांवर भरायचे होते.

दुपारी 1.16

94 ने बाल्टिमोर सोडले. त्याच सुमारास शहराच्या पूर्वेच्या बेव्ह्यू यार्डातून कॉनरेल या मालवाहू रेल्वे कंपनीची तीन डिझेल इंजिने एकमेकांना जोडून बाहेर पडली. मागे एकही वाघीण नाही. आपल्या रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर नुसते 'लाइट इंजिन', पेनसिल्व्हेनियातल्या इनोला यार्डाकडे निघालेले. केबिनमध्ये चालक आणि ब्रेक्समन.

खरे तर उलटी मोजणी इथेही सुरू होत नाही. ती कधी सुरू झाली, याची वेळ कुठल्या नोंदवहीत सापडणार नाही. पुढचा सिग्नल प्रतिकूल झाला की केबिनमध्ये शिट्टी वाजायची आणि चालकाने दाद देईपर्यंत ती थांबायची नाही. त्या शिट्टीवर चिकटपट्टी लावलेली होती. सिग्नलची स्थिती केबिनमध्ये दाखवणाऱ्या दिव्यांपैकी एक बल्ब जागेवर नव्हता. निघण्यापूर्वी ही यंत्रणा तपासायची असा नियम होता. चालकाने ती तपासली नाही.

कानाला त्रास देणारी शिट्टी कापडाने नाही तर पट्टीने गप्प करण्याचा मोह कारखान्यात, बसमध्ये, लाँचवर काम केलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

1.16 ते 1.30

वाटेत दोघांनी गांजा ओढला.

बाल्टिमोरच्या ईशान्येला चेज गावाजवळ गनपावडर नदी आडवी येते. पुलाआधी चार रूळमार्गांचे दोन होतात; त्या सांध्याचे नाव गनपाव. 94 साठी सांधा लावलेला होता, सिग्नल हिरवा होता. बाजूच्या मार्गावरून येणाऱ्या लाइट इंजिनाला सांध्याआधी थांबायचे होते. वेग कमी करा, असे सांगणारा आधीचा सिग्नल दोघांच्याही हातून निसटला. चालकाकडून सुटलेला सिग्नल मोठ्याने सांगणे हे ब्रेक्समनचे काम. तो गप्प राहिला, शिट्टी तर आधीच गप्प होती.

थांब्याचा सिग्नल दिसला तेव्हा चालकाने आणीबाणीचा ब्रेक मारला. तीन इंजिने घसटत सांधा ओलांडून 94 च्याच रुळावर जाऊन उभी राहिली.

दुपारी 1.30

94 चा वेग ताशी 190 किलोमीटरच्या पुढे होता. तिच्यातल्या जुन्या डब्यांमुळे ठरवून दिलेल्या मर्यादेहून तो जास्तच होता. तपास यंत्रणेने हेही लपवले नाही. तिच्या चालकाने ब्रेक लावला, तरी धडक ताशी 170 च्या आसपास बसली. त्याच्यासह सोळा जण गेले, पावणेदोनशेच्या घरात जखमी झाले. सर्वांत जास्त चेंदामेंदा झाला तो पुढच्या, जवळजवळ रिकाम्या डब्यांचा.

चेजमधल्या रहिवाशांनी थंडीत घरातली ब्लँकेटे आणून दिली, जखमींना घरात घेतले.

त्यानंतर

सिग्नल अनुकूल होता, असे कॉनरेलच्या चालकाने आधी सांगितले. तपासात सिग्नलमध्ये दोष निघाला नाही आणि दोघांच्याही चाचणीत गांजा निघाला. पुढे त्याने मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला, पाच वर्षांची शिक्षा झाली.

हे प्रकरण वाचताना मी एका गोष्टीपाशी दर वेळी अडखळतो. अमेरिकी रेल्वेत चाचणी नव्हती असे नाही. अपघातानंतर रक्त-लघवीची तपासणी सक्तीची करणारा नियम वर्षभर आधीच लागू झाला होता. तो पंचनाम्याचा नियम होता. दुपारी सव्वा वाजता बेव्ह्यू यार्डात कोणी अचानक समोर येऊन नमुना मागेल, अशी धास्ती त्या दोघांना बाळगायचे कारण नव्हते. आणि ज्यांनी तपासायचे, त्यांचे काय? रेल्वे अपघातांतले रक्त तपासणाऱ्या ओक्लाहोमा सिटीतल्या सरकारी प्रयोगशाळेच्या प्रमुखाने अपघाताच्याच वर्षी खोटे अहवाल दिल्याचा गुन्हा कबूल केला.

नोव्हेंबर 1988 मध्ये अमेरिकी वाहतूक खात्याने अचानक चाचणीचे नियम काढले: ट्रकचालक, वैमानिक, रेल्वे कर्मचारी, व्यापारी बोटींवरचे खलाशी, सगळ्यांसाठी. लघवीतला गांजाचा अंश कित्येक दिवस टिकतो, त्यामुळे माणूस आत्ता नशेत आहे की गेल्या आठवड्यात होता, हे बाटली सांगत नाही, ही कामगार संघटनांची तक्रार रास्त होती. चिकटपट्टीही कुठल्या बाटलीत उतरत नाही. म्हणून मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा बदल: वॉशिंग्टन ते बोस्टन या मार्गावर धावणाऱ्या मालगाडीच्या इंजिनांनाही, चालकाने दाद दिली नाही तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची झाली.

अचानक चाचणीच्या नियमांपैकी शहरी मेट्रो आणि बससाठीचे नियम मात्र 1990 मध्ये अपील न्यायालयाने रद्द केले. संबंधित खात्याला तो अधिकारच संसदेने दिलेला नव्हता. 28 ऑगस्ट 1991 च्या मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरपाशी भुयारी रेल्वे रुळांवरून उतरली, पाच जण मेले. मोटरमन दारू प्यायलेला होता. बरोबर दोन महिन्यांनी, 28 ऑक्टोबरला, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यात मेट्रो आणि बस आल्या, आणि तपासायच्या पदार्थांत दारूही आली.