जमैकाचे गुरुजी आणि अक्रोपाँगची बाग

कोकणातल्या जुन्या घरांवरची मंगलोरी कौलं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. त्या कौलांचा पहिला कारखाना १८६५ साली मंगलोरला निघाला तो बासेल मिशनचा. स्वित्झर्लंडमधल्या बासेल गावची ही संस्था धर्मप्रचाराच्या जोडीला शाळा, छापखाने, कौलं, हातमाग असे नाना उद्योग करायची. आपल्याकडे तिची ओळख एवढीच. पण तिचं दुसरं मोठं ठाणं पश्चिम आफ्रिकेत होतं, तेव्हाच्या गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात. तिथली गोष्ट मला कौलांपेक्षा जास्त रंगतदार वाटते. त्यातही मिशनरी साहेबांची नाही, त्यांच्याबरोबर जमैकाहून आलेल्या मंडळींची.

सुरुवात मात्र भयानक आहे. डिसेंबर १८२८ मध्ये चार तरुण मिशनरी किनाऱ्यावरच्या ख्रिश्चनबोर्ग या डॅनिश किल्ल्यापाशी उतरले. पुढच्या ऑगस्टपर्यंत त्यातले तीन मेले, चौथा १८३१ साली गेला. १८३२ मध्ये आणखी तीन आले. त्यात एक डॉक्टर होता आणि सगळ्यात आधी तोच गेला! दुसराही काही महिन्यांत आटोपला. उरला एकटा अंद्रेआस रीस. तोही तापाने मरायला टेकला होता, पण एका स्थानिक वैदूने त्याला वाचवलं. डास आणि मलेरिया यांचा संबंध कळायला अजून साठेक वर्षं होती.

रीस १८३५ साली किनारा सोडून अक्वापिमच्या डोंगरात, अक्रोपाँग गावी गेला. तिथे त्याने हाताने घर बांधलं, त्यामुळे लोक त्याला 'ओसियादान' म्हणू लागले, म्हणजे घर बांधणारा. घर झालं, ओळखी झाल्या, पण १८४० पर्यंत एक माणूससुद्धा ख्रिस्ती झाला नाही. एखाद्या कंपनीत असता तर हा प्रोजेक्ट केव्हाच गुंडाळला असता. असं सांगतात की निघताना तिथल्या राजाने, अड्डो डांक्वाने, त्याला सुनावलं: तुमचं पुस्तक गोऱ्यांचं. ते वाचणारे काळे लोक दाखवा, मग आम्ही विचार करू.

बासेलकरांनी हे मनावर घेतलं. असे लोक कुठे मिळतील? तर जमैकात. तिथली गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली होती आणि १८३८ साली खऱ्या अर्थाने. तिथल्या मोरावियन चर्चमध्ये लिहिता-वाचता येणारे, शेती आणि कारागिरी जाणणारे काळे ख्रिस्ती होते. रीस आणि त्याचे साथीदार तिकडे गेले आणि बायकामुलांसकट सुमारे २५ जण तयार झाले. एक अँटिग्वाचा, बाकी जमैकाचे. करारही झाला: सुरुवातीची दोन वर्षं मिशन सगळं पुरवणार, नंतर काम करून मजुरी घ्यायची आणि पाच वर्षांनी परत जायचं असेल तर तिकीट मिशनचं. घानातले स्वयंसेवक म्हटलं की १९६१ साली उतरलेले पीस कोअरचे अमेरिकन शिक्षक आठवतात, त्यांचीही मुदत दोन वर्षांची. ही मंडळी त्यांच्या ११८ वर्षं आधीची. आणि ज्या किनाऱ्यांवरून त्यांच्या आज्या-पणज्यांना साखळ्या घालून नेलं, तिकडे ती आपखुशीने निघाली होती.

८ फेब्रुवारी १८४३ ला जहाज किंग्स्टनहून सुटलं ते एप्रिलच्या मध्यावर पोचलं. जहाजात घोडे, खेचरं, गाढवं होती आणि बियाणं, रोपं: कॉफी, पेरू, नीरफणस, अव्होकाडो, मंकानी नावाचा कंद आणि आंबा.

या आंब्यापाशी जरा थांबू या. जमैकात आंबा मुळात नव्हताच. १७८२ साली मॉरिशसकडून हैतीकडे निघालेलं एक फ्रेंच जहाज इंग्रजांनी पकडलं, त्यावर नंबर घातलेली रोपं होती. त्यातला ११ नंबर म्हणजे आंबा. जमैकात त्याला आजही 'नंबर इलेव्हन'च म्हणतात. म्हणजे मूळचं आपल्याकडचं झाड मॉरिशस, जमैका असा वळसा घेत घानाच्या डोंगरात! आंबा आफ्रिकेत इतर वाटांनीही गेला, हे खरं. पण अक्वापिमच्या आंब्याची कुळकथा ही अशी.

अक्रोपाँगमध्ये या लोकांनी दगडी घरं बांधली आणि त्या वस्तीला जमैकातल्या परगण्याचं नाव दिलं, हॅनोव्हर. नोव्हेंबर १८४३ मध्ये किनाऱ्यावर ओसूला इंग्रजी शाळा सुरू झाली. तिथे अलेक्झांडर वर्दी क्लार्क शिकवायचा आणि कॅथरिन मलग्रेव्हही. कॅथरिनची कहाणी कादंबरीला लाजवेल अशी आहे. अंगोलात जन्म, लहानपणी पळवून गुलामांच्या जहाजात कोंबली गेली, ते जहाज १८३३ साली जमैकाजवळ फुटलं म्हणून सुटली. गव्हर्नरच्या बायकोने तिला वाढवलं. आफ्रिकेत परतली तेव्हा ती १६ वर्षांची होती, आणि पुढे मुलींच्या शाळा हेच तिचं काम झालं. १८५१ साली तिने मिशनची परवानगी न घेता जर्मन मिशनरी झिमरमनशी लग्न केलं. बासेलमध्ये काय गहजब झाला असेल!

सगळं गोडीगुलाबीने चाललं असं मात्र नाही. महागाई, जेवण, कपडे यावरून तक्रारी सुरू झाल्या. रीसचा स्वभावही कडक. तो स्वतःच १८४५ साली आफ्रिका सोडून गेला. काही जमैकन कुटुंबं मुदत भरताच परतली आणि ते त्यांच्या हक्काचंच होतं. मला खटकतं ते वेगळंच. ही माणसं आणली होती नमुना म्हणून, राजाला दाखवायला. शिकवायची ती, खणायची ती, पण निर्णय बासेलला आणि हुद्दा कायम 'मदतनिसा'चा. पुस्तकांत रीसच्या नावाने प्रकरणं असतात आणि रोचेस्टर, मलिंग्ज, हॉल, मिलर ही नावं एका ओळीत उरकतात.

जे राहिले ते पक्के राहिले. १८४८ साली अक्रोपाँगला शिक्षक घडवणारं विद्यालय निघालं, ते आजही चालू आहे. क्लार्क घराण्यातल्या थिओडोर क्लार्कने विसाव्या शतकात टेमा या बंदर-शहराचा आराखडा केला. मटिल्डा क्लार्क ही देशातली दुसरी स्त्री डॉक्टर. आणि जॉर्ज क्लार्क हा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, त्याचा विषय झाडांचे रोग.

मंकानीने तर आंब्यालाही मागे टाकलं. हा कंद आपल्या अळूचा अमेरिकन चुलतभाऊ. घानात तो रोजच्या जेवणात गेला. त्याच्या कोवळ्या पानांना तिकडे कोंतोमिरे म्हणतात. ती चिरून, पाम तेलात कांदा-टोमॅटो घालून शिजवतात. दिसायला थेट आपलं अळूचं फतफतं, फक्त चिंच-गूळ नाही.