आधी रेघ, मग गाव

मिनेसोटातली टाउनशिप म्हणजे सहसा सहा मैल लांब-रुंद असा जमिनीचा चौरस आणि त्या चौरसाचा कारभार, दोन्ही एकाच नावाने ओळखले जाणारे. कारभार बघायला निवडून आलेले तीन सुपरवायझर, एक क्लार्क, एक खजिनदार. आणि मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सगळ्या मतदारांची सभा, जी पुढच्या वर्षाची करआकारणी हात वर करून ठरवते. या संस्थेची कुळकथा बहुतेक वेळा एकाच मुळापासून सांगितली जाते: न्यू इंग्लंडची ग्रामसभा शेतकऱ्यांच्या गाड्यांबरोबर पश्चिमेकडे गेली आणि तिथे रुजली. सभेपुरती ही वंशावळ बरोबर आहे. चौरसाचं कूळ मात्र वेगळं आहे. तो माणसांनी एकत्र राहावं म्हणून आखलेला नाही, जमीन विकता यावी म्हणून आखलेला आहे. कारभार त्यात नंतर आला, आणि तोही सगळीकडे आला नाही.

स्वातंत्र्ययुद्धानंतर अमेरिकी काँग्रेसच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता आणि कर बसवण्याचा अधिकार नव्हता. हाताशी होती ती ओहायो नदीपलीकडची जमीन, आणि तीही मूळ रहिवासी जमातींनी सोडलेली नव्हती. ती मोजून विकायची म्हणून २० मे १७८५ला भूमी अध्यादेश निघाला. टाउनशिप सहा मैलांची, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, भाव एकरी किमान एक डॉलर. सहा मैल हा आकडासुद्धा घासाघिशीतून आला: जेफरसनच्या समितीने १७८४मध्ये दहा मैलांचे चौरस सुचवले होते, पुढच्या मसुद्यात सात झाले, शेवटी सहा. गावाला किती जमीन लागते याचा हिशेब करून कोणी हा आकडा काढला असता, तर तो वर्षभरात असा घसरला नसता. ३० सप्टेंबर १७८५ला थॉमस हचिन्स यांनी पेन्सिल्व्हेनियाची पश्चिम हद्द ओहायो नदीला भिडते तिथून मोजणी सुरू केली आणि जमातींच्या हल्ल्याच्या बातमीने थोड्याच दिवसांत, चारेक मैलांवरच, ती थांबवली. अवजार होतं गंटरची साखळी: ६६ फूट, १०० कड्या, ८० साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. मुंबई इलाख्याच्या मोजणीतली ३३ फुटांची साखळी बरोबर याच्या निम्मी. आपला गुंठा म्हणजे तिचा चौरस, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. विकाऊ जमीन असो की साऱ्याची, इंग्रजी मोजणीचं गणित एकच. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे रेखावृत्तं जवळ येतात आणि खरा चौरस बसतच नाही. म्हणून तूट उत्तर आणि पश्चिम कडेच्या तुकड्यांत ढकलायची, आणि ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेघ मारून पुन्हा मोजायला लागायचं. नाकासमोर जाणारा खेड्यातला रस्ता मध्येच, ना टेकडी ना ओढा, काटकोनात वळून परत सरळ होतो, त्याचं एक कारण ही रेघ.

यावर आक्षेप येतो तो सोळाव्या सेक्शनचा. अध्यादेशाने प्रत्येक टाउनशिपमधला तो तुकडा शाळेसाठी राखला. शिवाय एक आड एक टाउनशिप अखंड विकायची होती, म्हणजे न्यू इंग्लंडच्या रीतीने गटागटाने वस्ती व्हावी. मग समाजाचा विचार नव्हता असं कसं म्हणायचं? विचार होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण अखंड टाउनशिप ही उत्तरेच्या प्रतिनिधींची मागणी आणि सुटे तुकडे ही दक्षिणेची. दोघांना राजी राखण्यासाठी एक आड एकची तोड निघाली. बाजाराने कौल दिला तो सुट्या तुकड्यांच्या बाजूने. ६४० डॉलर एकरकमी टाकणं साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून कायदा तुकडा लहान करत गेला: १८००मध्ये ३२० एकर, १८०४मध्ये १६०, १८२०मध्ये ८०, १८३२मध्ये ४०. अखंड टाउनशिप विकण्याची कल्पना मागे पडली. टाउनशिप उरली ती तुकड्याचा पत्ता सांगण्यापुरती.

माझ्या मते निर्णायक पुरावा इलिनॉयचा आहे. १८४८च्या राज्यघटनेने तिथल्या काउंट्यांना, म्हणजे जिल्ह्यांना, मुभा दिली: हवा तर टाउनशिपचा कारभार घ्या, नको तर काउंटीचाच चालवा. न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्ककडून आलेल्यांची उत्तर इलिनॉयमध्ये वस्ती होती. तिने टाउनशिप घेतली. केंटकी-टेनेसीकडून आलेल्या दक्षिणेकडच्या लोकांना घरून काउंटीच्या कारभाराची सवय होती. त्यांच्या बऱ्याच काउंट्यांनी ती घेतली नाही. आजही राज्यातल्या १०२ काउंट्यांपैकी १७ टाउनशिपविना आहेत. साखळी तीच, सेक्शन तेच, शाळेचा तुकडाही तोच, आणि कारभार मात्र निराळा. चौरसातून ग्रामसभा आपोआप उगवत असती तर हे घडलं नसतं.

मग चौरसाचा काहीच वाटा नाही का? आहे, आणि तो रस्त्यांत दिसतो. टाउन हॉल मधोमध असला तर कोपऱ्यातल्या शेतकऱ्यालाही सेक्शनच्या रेघांवरून सहा मैलांहून जास्त जावं लागत नाही. घोडागाडीच्या काळात सभेला येऊन संध्याकाळी धारेला परत पोचण्याइतकं हे अंतर. ही सोय आखणाऱ्यांच्या मनात असेल-नसेल, वसणाऱ्यांनी ती वापरली. उलट एखादी नदी मधून गेली आणि पलीकडचे पुराच्या वेळी तुटले, तरी रेघेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. नॉर्थ डकोटात तर कायद्यानेच सेक्शनच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे ३३-३३ फूट वाटेसाठी मोकळे; म्हणजे वाट बरोबर एका साखळीची. ही वाट राखायची कोणी, हा प्रश्न आला आणि चौरसाची सभेशी सोयरीक पक्की झाली. पूर्वी रस्त्याचा कर अंगमेहनतीने फेडता येई. आता खडी टाकणं, बर्फ हटवणं, चर उपसणं यातच टाउनशिपचा मोठा खर्च होतो.

मोटारीच्या युगात इतकी लहान सरकारं हवीत कशाला, हा आक्षेप जुना आहे आणि अर्धा खरा. आयोवाने १९२९मध्ये टाउनशिपचे रस्ते काउंटीकडे दिले. तिथे टाउनशिपचा कारभार बघणाऱ्या विश्वस्तांकडे आग विझवण्याची व्यवस्था, दफनभूमी आणि कुंपणांचे तंटे एवढंच प्रामुख्याने उरलं. रस्ता गेला की संस्था किती हलकी होते, हे त्यातून कळतं. तरी न्यू इंग्लंडची टाउन्स धरून वीस राज्यांत सोळा हजारांवर अशी सरकारं आहेत, कारण खडी कुठल्या वळणावर आधी टाकायची हे काउंटीच्या कचेरीपेक्षा तिथे राहणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. जिथे माणसंच उरली नाहीत, सुपरवायझर व्हायला कोणी पुढे येत नाही, तिथे मिनेसोटात टाउनशिप बरखास्त करता येते आणि तिचे रस्ते काउंटीकडे जातात. जमिनीच्या खरेदीखतात मात्र सेक्शनचा क्रमांक आणि टाउनशिपचा क्रमांक पूर्वीसारखाच लिहिला जातो.