पथ्य, पंगत आणि लहान झालेले जठर

वऱ्हाडच्या आग्नेय कोपऱ्यात, पैनगंगा आणि वर्धा या दोन नद्यांच्या आश्रयाने पसरलेल्या यवतमाळ जिल्ह्याचे जुने सरकारी दप्तर उघडून पाहिले, तर कापसाच्या गाठी, जमाबंदीचे दर, जंगलातील सागाची मोजदाद आणि सावकारी कर्जाचे दाखले यांनी पानेच्या पाने भरलेली आढळतात. परंतु या मुलखातील माणूस दुखण्यातून उठल्यावर पहिला घास कशाचा घेत असे आणि भाकरीपर्यंत येण्यास त्याला किती अवधी लागत असे, याची नोंद घेण्याचे कोणाही अंमलदारास सुचलेले नाही. ते दप्तर घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांच्या ताब्यात होते, ते तोंडी होते, आणि त्याचे नाव पथ्य. आज ते चाळण्याचे निमित्त असे की, अलीकडे या जिल्ह्यातील काही माणसे नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठून वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतात, आणि परत येताना आहाराचा जो छापील तक्ता त्यांच्या हाती पडतो, तो वाचून घरातील तरुण मंडळी बुचकळ्यात पडत असली, तरी एखादी पंचाऐंशी वर्षांची आजी हयात असलीच तर तिला त्यात नवे असे फारसे काही दिसत नाही.

हा मुलूख भुकेचा जाणता. निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशास, वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका त्यास जोडला गेला त्या १९०५ साली, यवतमाळ हे नाव मिळाले. या दोन सनांच्या दरम्यान १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन भीषण दुष्काळ येऊन गेले, आणि त्यांतील दुसरा तर लोकांच्या बोलण्यात छप्पन्नचा दुष्काळ म्हणून पुढे कित्येक पिढ्या टिकून राहिला. काळ्या जमिनीत कापूस पिकवून मँचेस्टरच्या गिरण्यांचे पोट भरणाऱ्या रयतेला स्वतःच्या पोटासाठी ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी आणि जंगलालगतच्या गावांतून मोहफुले यांवर दिवस काढावे लागत. अशा ठिकाणी भरल्या अंगाचा माणूस दिसला की तो देशमुख तरी असावा, सावकार तरी असावा, नाही तर जिनिंगचा मालक असावा, असा तर्क सहज केला जाई, आणि तो बहुधा चुकत नसे. पोट सुटणे ही येथे व्याधी नव्हती, ती ऐपत होती. आणि पाहुण्याच्या पानात त्याने नको म्हटल्यावर आणखी एक पोळी टाकणे, ही ऐपत क्षणभर त्याच्याशी वाटून घेण्याची रीत होती. आग्रह ही भरल्या घरांनी पाडलेली प्रथा आहे असे आपण समजतो. मला ती उपाशी मुलखाची प्रथा वाटते.

आग्रहाच्या शेजारीच, त्याच स्वयंपाकघरात, पथ्य नांदत होते. मुदतीचा ताप, म्हणजे विषमज्वर, घरात शिरला की तीन आठवडे चूल रोग्यापुरती जणू बंदच होई. पाणी उकळून निववलेले, त्यात ज्वारीच्या किंवा साळीच्या लाह्या भिजवून गाळून घेतलेले. ताप उतरू लागला की मुगाचे कढण. हे कढण करणे सोपे दिसते, पण ते जिला साधे तिचीच मागणी आळीतल्या चार घरांतून येई. मूग कोरडे भाजावयाचे, पण रंग बदलू द्यावयाचा नाही. मग आठपट पाण्यात ते फुटून विरेपर्यंत मंद आचेवर ठेवावयाचे, वरचे पाणी फडक्यातून गाळावयाचे, आणि त्यात सैंधवाचा खडा आणि चिमूटभर सुंठ एवढेच घालावयाचे. पहिल्या दिवशी हे गाळीव पाणी, नंतर चोथ्यासकट कढण, नंतर भाताची पेज, नंतर मऊ भात, आणि सर्वांच्या शेवटी, घरातील वडील बाईने रोग्याची जीभ पाहून संमती दिल्यावर, भाकरीचा पापुद्रा. मधल्या काळात रोगी रडला, रागावला, शेजारच्या खोलीतून फोडणीचा वास आला म्हणून त्याने भिंतीकडे तोंड फिरविले, तरी निकाल बदलत नसे. ही शिस्त कठोर खरी, आणि तिच्यापायी पुष्कळ रोगी नाहक अशक्त झाले हेही खरे. पण आतड्याला व्रण पडलेला असताना जड अन्न दिले तर माणूस हातचा जातो, ही धास्ती निराधार नव्हती.

या बायकांपैकी कोणी चरकसंहिता वाचली असण्याचा संभव नाही, तथापि त्यांची पायरीपायरीची रीत तिच्यातलीच होती. शोधनकर्मानंतर अग्नी मंद झालेल्या रोग्यास प्रथम पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज, मग यूष म्हणजे कढण आणि मग मांसरस अशा पायऱ्यांनी प्रकृत अन्नावर आणावयाचे, यास तेथे संसर्जनक्रम म्हटले आहे. कुक्षीचे तीन भाग कल्पून एक घन अन्नास, एक द्रवास आणि एक वातादी दोषांस मोकळा ठेवावा, असाही विचार तेथे आहे. त्याच ग्रंथात आठ निंदित शरीरे सांगितली आहेत. अतिउंच, अतिठेंगणा, फार केसांचा, बिनकेसांचा, फार काळा आणि फार गोरा यांची नावे घेऊन आचार्य पुढे सरकतात, आणि अतिस्थूल व अतिकृश यांच्यापाशी मात्र थबकतात, कारण औषध करण्याजोगे हे दोनच. त्यांतही कृशाची अवस्था बरी, असा त्यांचा अभिप्राय आहे. स्थूलासाठी जव, कुळीथ, मूग, मध यांची योजना करून जो आहार ते सांगतात त्याचे सूत्र असे की, अन्न पचावयास जड असावे पण पोषणास हलके असावे. जठराचाच आकार बदलता येईल, ही कल्पना मात्र त्यांच्या काळाच्या पलीकडची होती.

पथ्य मोडले ते औषधाने. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वरावर वापरात आले, आणि तीन आठवड्यांची मुदत काही दिवसांवर येताच लाह्यांचे पाणी आणि मुगाचे कढण यांचे प्रयोजनच उरले नाही. त्यापाठोपाठ सलाईनची बाटली आली, आणि तिने तर तोंडाचीच गरज संपविली. दुसरीकडे ताटही बदलत होते. १९५६ साली अमेरिकेशी झालेल्या धान्यकरारानंतर परदेशी गहू रेशनवर उतरू लागला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांवर सुकडी आणि तांबडी मिलो पडली. आणि याच जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारीचा प्रसार झाला. पुढे सोयाबीनने ज्वारीची शेते गिळली. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ देण्याची योजना सरकारने काढली, तेव्हा त्यांत यवतमाळही होते. स्वस्त धान्य हा उपासमारीवरील मोठाच इलाज होता, त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु भाकर उतरून पोळी आणि भात यांचीच सद्दी झाली, अंगमेहनत यंत्रांकडे गेली, आणि मधुमेह हा शब्द, ज्याला येथे सरसकट ‘शुगर’ म्हणतात, तो तांड्यापासून तहसील कचेरीपर्यंत पोहोचला. गंमत अशी की या सर्व उलथापालथीत पथ्य गेले आणि आग्रह मात्र जसाच्या तसा राहिला.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. जठराचा तुकडा काढूनही माणूस जगतो हे व्हिएन्नाच्या बिलरोथने १८८१ मध्ये दाखविले. पुढे पोटातील व्रणासाठी अशा शस्त्रक्रिया जगभर होऊ लागल्या, तेव्हा अशा रोग्यांना गोड खाल्ल्यावर घाम सुटतो, छाती धडधडते आणि आडवे व्हावेसे वाटते, हेही ध्यानी आले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा योगायोग तर विलक्षण आहे. १९४४-४५ मध्ये तेथे अँसेल कीझ यांनी छत्तीस स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून, महायुद्धाने उपाशी केलेल्या युरोपास पुन्हा अन्नावर कसे आणावे याचा अभ्यास केला. आणि त्याच विद्यापीठातील शल्यवैद्यांनी १९५४ मध्ये वजन उतरविण्यासाठी आतड्याचा मार्ग तोडून जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. एका दशकाच्या आत भूक आणि अतितृप्ती या दोहोंचा विचार एकाच आवारात झाला. त्या शस्त्रक्रियेचे उपद्रव पुढे फार निघाले. आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी, व्रणासाठी जठर कापलेले रोगी पुन्हा अंग धरीत नाहीत हे पाहून, १९६६ च्या सुमारास जठरच लहान करून आतड्यास जोडण्याचा मार्ग काढला. आज सर्वत्र रूढ झालेल्या दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून बाहीसारखी एक नळी शिल्लक ठेवतात. भूक चेतविणारे घ्रेलिन, ज्याचा शोध १९९९ मध्ये लागला, ते मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होत असल्याने नुसती जागाच नव्हे, तर भूकही काही काळ उणी होते. विदर्भात या विषयाची चर्चा वाढली ती २०११ मध्ये नागपूरच्या नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हापासून, आणि २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद अतिस्थूलतेवरील उपचारासाठी मुंबईस आल्या तेव्हा तर ती चर्चा घराघरांत झाली.

शस्त्रक्रियेनंतरचा तक्ता असा : प्रथम निव्वळ पाणी आणि गाळीव कढण, घोटाघोटाने, नंतर ताक, दूध, पातळ वरण, नंतर मऊ शिजवून घोटलेले, आणि महिना-दीड महिन्यानंतर साधे अन्न, तेही चहाच्या चमच्याने. पेया, विलेपी, यूष. फरक एवढाच की जुन्या पथ्यात भाताच्या पेजेला मान होता आणि येथे प्रथिनांना आहे, कारण दिवसाकाठी साठ ग्रॅम प्रथिने त्या इवल्याशा जागेतून पोटात गेली नाहीत तर शरीर चरबीबरोबर स्नायूही खाऊ लागते. म्हणून वाटीभर जाड वरण आधी, भात शेवटी आणि उरलीच जागा तर. यवतमाळच्या माणसाला सर्वांत अवघड जाते ते पाणी. ताट मांडण्यापूर्वी तांब्या-भांडे मांडावयाचे आणि ठेच्याच्या प्रत्येक घासामागे घोट घ्यावयाचा, ही सवय उभ्या जन्माची. तक्ता म्हणतो, जेवणाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाणी वर्ज्य, आणि वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे झुकू लागला की मधल्या वेळात दोन लिटर पाणी घोटाघोटाने संपविणे हा एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. घाईने गिळलेला मऊ पोळीचा घास गोळा होऊन छातीशी अडतो. भाकर मात्र ताकात कुस्करून, सावकाश चावून घेतली तर पुष्कळांना उतरते. ज्या ज्वारीला रेशनच्या गव्हाने ताटातून हुसकले, तिचा असा मागील दाराने पुनःप्रवेश झालेला पाहून मला समाधान वाटते, हे लपवीत नाही.

देहाचे नवे रूप हा वेगळाच प्रांत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंगव्यात केसांचे पुंजके येतात. दंडाची आणि पोटाची कातडी, आतील भरण गेल्याने, लोंबू लागते. अंगठी पाण्यात हात घालताच निसटते आणि शिंप्याकडे पोलकी आत घेण्यास टाकावी लागतात. केस बहुधा परत येतात, कातडी सहसा येत नाही. ज्या मुलखाने दुष्काळ आणि क्षय यांच्या खुणा पिढ्यान्पिढ्या पाहिल्या, तो गालफडे बसलेल्या चेहऱ्याकडे अभिनंदनाच्या दृष्टीने पाहत नाही. ‘काय झालं वो बाई, एवढी कशानं वाळली?’ असा प्रश्न बाजारात, बसस्थानकावर, हळदीकुंकवाला विचारला जातो, आणि त्यातील जिव्हाळा खरा असल्यामुळेच त्याचे उत्तर देणे जड जाते. शस्त्रक्रिया झाली असे सांगावे तर दुसरा प्रश्न तयार असतो की, एवढे पैसे खर्चून उपाशीच राहावयाचे होते तर घरी काय वाईट होते? स्थूलपणा हा जिभेचा दोष, ही समजूत इतकी पक्की आहे की, भारतीय वैद्यकाने या शस्त्रक्रियेसाठी उंची-वजनाच्या मोजमापाची निश्चित मर्यादा घातली आहे, आणि मधुमेहासारखी जोडव्याधी असल्यास ती खाली येते, हे ऐकून घेण्याची कोणाची तयारी नसते.

उपवासांचेही असेच. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार यांना साबुदाणा, रताळे आणि बटाटा ही सारी पिष्टाची मांदियाळी. ज्याच्या पोटात चार-सहा घासांचीच जागा आहे त्याने ती यांनी भरली, तर त्या दिवशीची प्रथिने बुडालीच म्हणावयाची. धर्मशास्त्राने रोग्यास व्रतातून मोकळीक पूर्वीच दिलेली आहे, परंतु जो चालतो-फिरतो, कचेरीत जातो आणि पूर्वीपेक्षा चपळ दिसतो, तो रोगी कसा, हा पेच उरतोच. आणि बी-बारा जीवनसत्त्व, लोह व चुना यांच्या गोळ्या त्याला जन्मभर घ्यावयाच्या असतात, हे तर उठल्याबसल्या कोणाच्या ध्यानात राहणार? मांसाहार न करणाऱ्या घरांत बी-बाराची उणीव मुळातच असते, ती येथे दुणावते, आणि गोळ्यांचा कंटाळा केला तर दोन-तीन वर्षांनी पायांना मुंग्या येऊ लागतात.

सर्वांत मोठी कसोटी लग्नाच्या पंगतीत. वरण-भात, गोळाभात, पाटवडीचा रस्सा, आलूची भाजी आणि जिलबी. वाढपी पाठोपाठ येतात, आणि यजमान स्वतः परात घेऊन समोर उभे राहतात. ‘घ्या ना जी, एकच तर आहे,’ यावर नाही म्हणणे म्हणजे त्या घराचा मान नाकारणे. एक जिलबी घेतली तर घटकाभराने घाम फुटून मांडवामागे जाऊन बसण्याची पाळी येते, हे चारचौघांत सांगण्यासारखे नसते. पानात थोडे ठेवून उठावे, तर अन्न टाकले असा बोल. यावर काही चतुर लोकांनी जो तोडगा काढला आहे तो मला फार पसंत पडला : ते पंगतीला बसतच नाहीत, कमरेला पंचा बांधून मठ्ठ्याची बादली उचलतात आणि वाढावयास लागतात. वाढणाऱ्यास जेवा असे कोणी म्हणत नाही. आणि अखेरच्या पंगतीला, आचाऱ्यांबरोबर, तीन-चार चमचे घट्ट वरण घेऊन ते बसतात तेव्हा यजमान हिशेबात गुंतलेला असतो.