शिलेदाराचा घोडा आणि आमचा मोती

दिवाळीची पहिली पणती आपण लावतो ती माणसासाठी नव्हे. वसुबारसेच्या संध्याकाळी गाय-वासराची पूजा होते आणि मगच सण घरात येतो. नेपाळात तर याच दिवसांत, तिहारच्या दुसऱ्या दिवशी, कुत्र्यांचा मान असतो. गल्लीतल्या बेवारशी कुत्र्याच्याही गळ्यात त्या दिवशी झेंडूची माळ पडते, कपाळी टिळा लागतो. ज्या जनावरांच्या जिवावर आपण जगलो, त्यांची वर्षातून एकदा तरी आठवण करावी, अशी ही जुनी रीत आहे.

गेल्या वर्षी नेमका याच सणात आमच्या मोतीचा पाय मोडला. मोती हा अस्सल गावठी कुत्रा. जात विचाराल तर ‘रस्त्यावरची’, आणि वंशावळ विचाराल तर पलीकडच्या बोळातली. नरकचतुर्दशीच्या पहाटे कोणीतरी सुतळी बॉम्ब उडवला, हा भेदरून फाटकाबाहेर पळाला आणि एका स्कूटरखाली सापडला. डॉक्टर म्हणाले, “हाड दोन ठिकाणी मोडलं आहे. पट्टी घालावी लागेल, शस्त्रक्रिया आहे.” मग त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला. आकडा ऐकून मी सौ.कडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले. आमची धाकटी मात्र दोघांकडे पाहत होती. त्या नजरेपुढे दुसरे उत्तर संभवतच नव्हते. मोतीवर शस्त्रक्रिया झाली आणि घराला द्यायचा रंग पुढच्या वर्षावर गेला.

पुढे शहाणपण सुचले तेव्हा मी एका विमा कचेरीत चौकशीला गेलो. तिथल्या सद्गृहस्थांनी छापील कागद पुढे केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “साहेब, कुत्र्याची बाजारातली किंमत किती?”

मी गप्प राहिलो. बाजारात मोतीची किंमत शून्य होती, आणि त्याच शून्यावर मी घराचा रंग घालवून बसलो होतो! हा प्रश्न त्या गृहस्थांचा नव्हता, तो फार जुना होता. जनावराचा विमा म्हणजे नेमका कशाचा विमा? त्याच्या किमतीचा, कामाचा, की त्याच्या आजारपणाचा? या तीन उत्तरांतून गेल्या दीड-दोन हजार वर्षांचा एक इतिहास उलगडतो. तो मोठा मौजेचा आहे.

सुरुवात करू गाढवापासून. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथात गाढवे हाकणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी एक नियम आहे. तांडा वाटेला लागण्यापूर्वी त्यांनी आपसांत असा करार करावा, की कोणाचे गाढव गेले तर बाकीच्यांनी मिळून त्याला दुसरे द्यावे. मात्र त्याच्या हलगर्जीपणाने गेले असेल, तर देऊ नये. वाचकहो, आजच्या विमापत्राच्या मागच्या पानावर जे बारीक अक्षरांत छापलेले असते, त्याचा गाभा या दोन वाक्यांत आला! दहा जणांनी मिळून एकाचे नुकसान वाटून घ्यायचे, पण निष्काळजीपणाचे ओझे ज्याचे त्याने वाहायचे. लस टोचून न घेतलेल्या कुत्र्याला त्याच लसीने टळणारा आजार झाला, तर आजही बहुतेक कंपन्या भरपाई नाकारतात. ती त्या गाढववाल्यांचीच रीत.

आता आपल्या घरी येऊ. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचे नुकसान. शिलेदाराचा पडला तर त्याच्या घरची चूलच विझायची. तेव्हा भर लढाईत घोडा घालताना शिलेदाराचा हात थोडा आखडला, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी आपण त्याच्या संसाराचा विचार करावा. जो आपले सर्वस्व मांडीखाली घेऊन लढतो, त्याला धीर देणारे कोणीतरी पाठीशी लागते.

ही उणीव पुढे एका वेगळ्याच ठिकाणी भरून निघाली. इंग्रजांनी शिलेदारीची पद्धत उचलली आणि तिचे नावही उचलले. त्यांच्या तोंडी ते ‘सिल्लादार’ झाले. १८१७ साली उभी राहिलेली ‘पूना हॉर्स’ याच धाटणीची. या पलटणींत स्वार भरती होताना घोड्याची व सामानाची रक्कम भरी, तिला ‘असामी’ म्हणत. शिवाय दरमहा पगारातून काही पैसे एका फंडात जात. त्या फंडाचे नाव होते ‘चंदा’. घोडा मेला की चंद्यातून नव्या घोड्याला मदत मिळे. विमा हा शब्दही ज्याच्या कानावर आला नसेल, असा खेड्यातला स्वार दर महिन्याला हप्ता भरत होता!

ही व्यवस्था चांगली चालली, कारण घोडे एकेक करून मरत. पण १९१४ साली महायुद्ध पेटले. पलटणी समुद्रापार गेल्या, घोडे शेकड्यांनी पडू लागले, आणि पलटणीने आपले घोडे आपणच पुरवायचे हा हिशेब साफ कोलमडला. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, ही पद्धत मोडीत निघाली. विम्याचा पहिला धडा इथे मिळतो. एकाचे संकट दहांनी वाटून घेता येते; दहांवर एकदम आले तर वाटायचे कोणाकोणात? म्हणूनच विमा घ्यायचा तो ज्याच्यापाशी गंगाजळी मोठी आणि सभासद पुष्कळ, अशाकडून.

विलायतेतही एकोणिसाव्या शतकात मजूर लोकांची ‘गाय मंडळे’ आणि ‘डुक्कर मंडळे’ गावोगाव होती. प्रत्येकाने थोडीथोडी वर्गणी द्यायची आणि ज्याचे जनावर मरेल त्याला पेटीतून रक्कम मिळायची. १८६५ साली तिथे बुळकांडीची साथ आली आणि गुरे इतकी मेली, की १८६६ साली पार्लमेंटला आजारी गुरे मारून टाकण्याचा कायदा करावा लागला. असल्या साथीपुढे गावच्या पेटीतली नाणी किती पुरणार? याच बुळकांडीच्या धाकाने शंभर वर्षांपूर्वी, १७६१ साली, फ्रान्समध्ये लिआँ येथे जगातली पहिली पशुवैद्यक शाळा निघाली होती. आपल्याकडे परळचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले ते १८८६ साली. बुळकांडी जगातून कायमची गेली, हे जाहीर व्हायला मात्र २०११ साल उजाडावे लागले.

इथवरचा सारा इतिहास कामाच्या जनावरांचा आहे. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, घोडा स्वाराला वाहतो. त्यांची किंमत बाजारात ठरते आणि विमा असतो तो मरणाचा. आपल्याकडे १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा व्यवसाय चार सरकारी कंपन्यांकडे आला आणि गाई-म्हशींचा विमा खेड्यापाड्यांत पोचला, तोही याच जातीचा. म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला ठोकायचा, म्हैस दगावली की बिल्ला दाखवून पैसे घ्यायचे. ‘बिल्ला नाही तर भरपाई नाही’ हे सूत्र कित्येक शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. कचेरीतल्या त्या गृहस्थांनी मला किंमत विचारली, ती याच परंपरेला धरून.

पण कुत्र्या-मांजरांचे काय? माणसाचे त्यांच्यावर प्रेम काही आजचे नाही. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा खंड्या नावाचा कुत्रा होता. त्याने शिकारीत महाराजांना वाघापासून सावध केले म्हणून त्याला दरबारात मान मिळाला, असे सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. धर्मराजाने तर कुत्र्यावाचून स्वर्गही नाकारला. पण खंड्याला राजा भेटला. ज्या कुत्र्याचा धनी राजा नाही, त्याच्या औषधपाण्याचे कोणी बघायचे?

याचे उत्तर प्रथम स्वीडनने दिले. घोड्या-गुरांचा विमा तिथे १८९० पासून रुजला होता. १९२४ साली तिथे पहिल्यांदा कुत्र्याचा विमा निघाला, अशी नोंद आहे. ब्रिटनने तो कित्ता १९४७ साली गिरवला. अमेरिकेत १९८२ साली पहिले विमापत्र निघाले ते चित्रपटांतून आणि दूरचित्रवाणीवरून घरोघर पोचलेल्या ‘लॅसी’ या कुत्रीच्या नावाने. भारतात पुण्याच्या बजाज आलियान्झ कंपनीने २०२० साली कुत्र्यांच्या आजारपणाचा विमा बाजारात आणला. मागून आणखी कंपन्या आल्या.

हे सारे विसाव्या शतकातच का घडले? एकतर मोटार आली आणि शहरातला घोडा गेला. घोड्यांवर पोट भरणारे पशुवैद्य मग घरातल्या कुत्र्या-मांजरांकडे वळले. दुसरे म्हणजे उपचार वाढले. क्ष-किरण आले, प्रतिजैविके आली, हाडे सांधणाऱ्या पट्ट्या आल्या. १९२१ साली टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला, तो कुत्र्यांवर प्रयोग करून. कुत्र्यांच्या जिवावर मिळालेले ते औषध आज मधुमेही कुत्र्यांनाही रोज टोचतात. ऋण थोडे तरी फिटले म्हणायचे! पण त्याचा परिणाम असा झाला, की उपचाराचा खर्च कुत्र्याच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेला. जुना विमा विचारीत असे, ‘मेला तर किती द्यायचे?’ नवा विमा विचारतो, ‘जगवायला किती लागतील?’ माझ्या मते या इतिहासातली खरी क्रांती हीच.

म्हणून विमा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा. हा कागद मरणाचा आहे की आजारपणाचा? काही विमापत्रांत कुत्रा मेल्यावर किंवा चोरीस गेल्यावरच मोठी रक्कम असते आणि दवाखान्याच्या नावाने चिमूटभर. गावठी कुत्र्याला पहिल्याचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. ब्रिटनमध्ये याचे चार प्रकार रूढ आहेत. एक फक्त अपघाताचा. दुसऱ्यात प्रत्येक आजाराला बारा महिने पैसे मिळतात, मग तो आजार बाद. तिसऱ्यात प्रत्येक आजाराला ठराविक रक्कम, ती संपली की हात वर. चौथा जन्मभराचा, त्यात दरवर्षी नूतनीकरण केले की रक्कम पुन्हा भरते. हप्ता अर्थातच चौथ्याचा जास्त. पण मधुमेह, त्वचेची खाज, संधिवात ही दुखणी बारा महिन्यांत निरोप घेत नाहीत. स्वस्त विमा अशा वेळी दुसऱ्या वर्षी साथ सोडतो.

तिसरा प्रश्न आपल्या वाट्याचा. समजा, बिल ४०,००० रुपये झाले. पहिले ५,००० तुमचे, आणि उरलेल्यातला पाचवा हिस्साही तुमचा, अशी अट असेल, तर ३५,००० तले ७,००० आणखी गेले. कंपनी देणार २८,०००. त्यात एका आजाराची कमाल मर्यादा २५,००० असेल, तर २५,००० च. दोन कंपन्यांची तुलना करताना हप्त्याशेजारी हप्ता न मांडता, एकच बिल दोघींच्या नियमांतून असे काढून पाहावे. जनावराचे वय वाढले की हा वाटा आणि हप्ता किती वाढतो, हेही तेव्हाच विचारावे.

चौथा प्रश्न जातीचा. डॅशहाउंडची पाठ, लॅब्रॅडॉरचा खुबा, पगचा श्वास, ही त्यांची जन्मजात दुबळी ठिकाणे. नेमकी तीच वगळलेली नाहीत ना, हे पाहावे. बोक्याची लघवी अडली तर तासांचा प्रश्न असतो आणि खर्चही मोठा. घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला विमा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि शेवटचे म्हणजे, पिल्लूपणीच विमा घ्यावा. आधीपासूनचे दुखणे बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि नव्या विमापत्रातही आजारासाठी पहिले काही दिवस थांबावे लागते. घर पेटल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही, हे मला मोतीने शिकवले. ज्याला दरमहा शिस्तीने पैसे बाजूला ठेवता येतात, त्याने घरातच ‘चंदा’ उघडला तरी चालेल. मात्र मोठे बिल पेटी भरण्याआधीच आले, तर तो हिशेब फसतो.

आम्ही शेवटी दुसऱ्या एका कंपनीचा कागद घेतला. मोडलेला पाय त्यातून वगळला आहे, ते न्याय्यच. बाकीच्या मोतीचा विमा उतरला. अर्ज भरायला धाकटी बसली होती. कुत्र्याचे नाव, वय, रंग तिने सुवाच्य अक्षरात लिहिले. किमतीचा रकाना या कागदात नव्हता. तिने मला विचारले, “बाबा, याची किंमत कुठे लिहायची?”

मी म्हटले, “यांना ती नको आहे, बाळ.”

“बरं झालं,” ती म्हणाली, “मला ती लिहिता आली नसती.”

यंदा वसुबारसेला आई तुळशीपाशी ताट घेऊन उभी होती. आमच्याकडे गाय कुठली! मातीच्या गाय-वासराची पूजा झाली, आणि ताटातले उरलेले कुंकू आईने लंगडत आलेल्या मोतीच्या कपाळाला लावले. फटाके वाजू लागायच्या आत फाटकाची कडी मात्र मी स्वतः लावून घेतली. विमा आहे म्हणून काय झाले? गाढववाल्यांचा नियम मी विसरलेलो नाही.