एकवार वापराचे रुग्णालयीन साहित्य, खानदेशातील

जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील रुग्णालयांत एकदा वापरून टाकून द्यावयाच्या सिरिंज, हातमोजे, सलाइनच्या नळ्या इ. साहित्याचा प्रसार व त्यापासून होणारा कचरा कमी करण्याचा प्रश्न.

खानदेश हा कापसाचा मुलूख. पण कच्चा कापूस पाणी शोषीत नाही. क्षारात उकळून त्यावरील मेण काढल्यावरच तो जखमेस उपयोगी पडतो. असा कापूस व जाळीदार कापड वॉर्डात कापून, घड्या घालून ड्रममध्ये भरावयाचे व वाफेने निर्जंतुक करावयाचे, ही इतरत्र होती तशी येथील रुग्णालयांचीही जुनी रीत. काचेच्या सिरिंजा उकळून पुन्हा वापरीत. बोथट सुया दगडावर घासून घेत. हातमोजे धुऊन, भुकटी लावून ठेवीत. टाकण्याजोगे फारसे उरत नसे. मात्र घाईगर्दीत उकळणे अपुरे झाले, तर एकाची कावीळ दुसऱ्यास लागे. या काटकसरीचे कौतुक करताना हे विसरता येत नाही.

भारतात १९८६ मध्ये एड्सच्या विषाणूचा संसर्ग प्रथम आढळल्यानंतर प्लॅस्टिकच्या सिरिंजांचा आग्रह वाढला. धुळ्यास १९८९ मध्ये व जळगावास २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. शिकणारे हात वाढले, की हातमोजेही वाढतात. टाकलेली वस्तू खरोखर नष्ट होतेच असे नाही. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे ‘ब’ काविळीची मोठी साथ आली. तिचा संबंध सिरिंजांच्या पुनर्वापराशी जोडण्यात आला.

केंद्र शासनाने १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम केले व २०१६ मध्ये ते नव्याने काढले. त्यांनुसार कचरा पिवळा, लाल, पांढरा व निळा अशा चार रंगांत वेगळा करावा लागतो. लाल पिशवीतील नळ्या व हातमोजे निर्जंतुक करून, त्यांचे तुकडे करूनच पुनर्निर्मितीस देता येतात. चटया व नळ यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावास प्लॅस्टिकचे मोल सांगावयास नको. तेथे हे बंधन विशेष महत्त्वाचे. तथापि नियमांचा रोख विल्हेवाटीवर अधिक, कचरा मुळातच कमी करण्यावर कमी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रुग्णालयातील सु. ८५ टक्के कचरा घरगुती कचऱ्यासारखाच निरुपद्रवी असतो. तो दूषित कचऱ्यात मिसळला, की सगळाच दूषित धरावा लागतो. म्हणून पहिली बचत वर्गीकरणात आहे. दुसरी, गोळीने भागते तेथे इंजेक्शन न देण्यात. सुई व सिरिंज यांच्या पुनर्वापरास मात्र जागा नाही. कोविड-१९ च्या साथीत (२०२०–२२) संरक्षक पोशाखांचे ढीग साचले, तेव्हा धुता येणाऱ्या कापडी झग्यांचा विचार जगभर पुन्हा सुरू झाला. शस्त्रक्रियेचे झगे व चादरी कापडी ठेवणे शक्य आहे. पण त्यासाठी धुलाईगृह, अखंड वीज व भरपूर पाणी लागते, आणि खानदेशात उन्हाळ्यात पाण्याचीच टंचाई असते.